क्षारांची नावे आणि त्यांचा जमाखर्च

शनिशिंगणापूरचे नाव काढले की दोन गोष्टी कोणालाही आठवतात. दारे नसलेली घरे ही एक, आणि उघड्या चौथऱ्यावर छपरावाचून उभी असलेली ती काळी शिळा ही दुसरी. कालपरवापर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो आणि आता अहिल्यानगर म्हणतो, त्या जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातले हे गाव. भाविकाने यावे, शिळेला तेल वाहावे आणि साडेसातीतून सुटका मागावी, असा तेथील रिवाज आहे. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, तेलही घेऊ नये, हा संकेत तर पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही अजून पाळला जातो. शनीचा धातू लोखंड, हे आपल्या ज्योतिषाने ठरवूनच टाकलेले आहे.

युरोपातील किमयागारांनीही सात ग्रह आणि सात धातू यांच्या अशाच जोड्या लावल्या होत्या. गंमत अशी, की त्यांच्या हिशेबी लोखंड मंगळाचे, आणि शनीच्या वाट्याला आले शिसे. शिसे आणि शिर्क्याचे आम्ल यांपासून होणाऱ्या एका गोड परंतु विषारी पदार्थास ते ‘शनीचे मीठ’ म्हणत. शिशाची बाधा होऊन जो रोग जडतो त्याला तिकडील वैद्यकाने शनीच्या नावावरूनच नाव दिले. रुप्यापासून केलेला दाहक पदार्थ चंद्राच्या नावाने ओळखला जाई. म्हणजे ग्रह एकच. पण आपल्या जोशीबुवांस विचारावे तर ते लोखंड सांगणार, आणि पॅरिसच्या किमयागारास विचारावे तर तो शिसे सांगणार. अशा नावावरून पदार्थात काय आहे, ते कळावे कसे?

पदार्थाचे नाव काय सांगते, आणि काय सांगावयास हवे, या प्रश्नाचा थोडा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. विषय रसायनशास्त्रातला आहे. परंतु नभोवाणीवर फळा नसतो आणि खडूही नसतो, तेव्हा सूत्रे मला तोंडानेच सांगावी लागतील. ते एका परीने बरेच आहे. जे तोंडाने नीट सांगता येत नाही, ते पुष्कळदा आपणांस नीट समजलेलेही नसते.

प्रथम आपल्या बाजारात डोकावू. शिशाचेच तीन पदार्थ घ्या. मारुतीच्या अंगावर चढतो तो शेंदूर, रंगाऱ्याच्या डब्यातला पांढरा सफेता आणि मलमात पडणारे पिवळसर मुरदाडशिंग. तिन्ही शिशाची संयुगे. पण तिन्ही नावांत शिशाचा मागमूस नाही, आणि एकमेकांशी काही नाते असल्याची खूणही नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार; मोराच्या गळ्याचा निळा रंग तेवढा त्या नावातून दिसतो, तांबे दिसत नाही. हिराकस हा लोखंडाचा क्षार. नावात हिरा आहे, लोखंड नाही. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर जी चिमूट टाकतो तो नवसागर, जवाच्या राखेपासून काढलेला तो जवखार, आणि दारूच्या कामाचा तो सोरा.

ही नावे मला अतिशय प्रिय आहेत. पदार्थ कोठून आला, दिसतो कसा, कोणाच्या उपयोगी पडतो, हे त्यांपैकी पुष्कळ नावे सांगतात. आणि व्यवहाराला शेकडो वर्षे तेवढे पुरले. परंतु जेथे ते पुरले नाही तेथे प्रकरण प्राणाशी आले. पारा आणि क्लोरीन यांची दोन संयुगे आहेत. एक पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. कॅलोमेल या नावाने ते एके काळी डॉक्टर लोक रेच म्हणून मुलांनासुद्धा देत. दुसरे पाण्यात विरघळणारे आणि जहाल विष. आपल्याकडे ‘रसकापूर’ या एकाच नावाखाली कधी एक, कधी दुसरे, तर कधी दोहोंचे मिश्रण विकले जाई. रंग दोहोंचा पांढरा, घटक दोहोंचे तेच. फरक केवळ प्रमाणाचा. पहिल्यात पाऱ्याच्या एका अणूमागे क्लोरीनचा एक, दुसऱ्यात एकामागे दोन. ‘रसकापूर’ हा शब्द कितीही सुरेख असला तरी हा एक आणि दोन यांमधला भेद त्याच्या पोटात मावत नाही.

हा भेद नावातच आणावा, असा निश्चय प्रथम पॅरिसमध्ये झाला. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी रासायनिक नावांची एक नवी पद्धती प्रसिद्ध केली. ग्रह गेले, राजेरजवाडे गेले, शोधकांची नावे गेली. पदार्थात जे आहे तेवढेच नावात राहिले. शिवाय शब्दाच्या शेपटाला अर्थ आला. गंधकाचा क्षार घ्या. त्यात ऑक्सिजन नसेल तर शेवटी ‘आइड’, थोडा असेल तर ‘आइट’, अधिक असेल तर ‘एट’. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट: कानाला फरक एवढासा, आणि अर्थात केवढा! सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट यांत एका स्वराचेच अंतर आहे. पण दुसऱ्याची थोडीशी मात्रा जास्त पोटात गेली तर रक्त प्राणवायू वाहण्याचे आपले कामच विसरते. आपल्या व्याकरणात ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलतो हे पंतोजींनी आपणांस छडीने शिकविले. येथे स्वर बदलल्याने जीव जातो, एवढेच अधिक.

नावांमागून चिन्हे आली. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३–१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना त्यांच्या लॅटिन नावांतली आद्याक्षरे दिली. सोडियमला त्याने ‘नेट्रियम’वरून ‘एन-ए’ दिले, पोटॅशियमला ‘कॅलियम’वरून ‘के’, लोखंडाला ‘फेरम’वरून ‘एफ-ई’, शिशाला ‘प्लंबम’वरून ‘पी-बी’, आणि पाऱ्याला ‘पाणीदार रुपे’ अशा अर्थाच्या एका लांबलचक शब्दावरून ‘एच-जी’. यांपैकी ‘कॅलियम’चे मूळ तर अरबी आहे, राखेतल्या खाराला अरब लोक ‘अल्-कली’ म्हणत. तेव्हा ही चिन्हे इंग्रजांची, असा जो आपल्यांतील कित्येकांचा समज आहे तो खरा नव्हे. सोडियम म्हणावयाचे आणि ‘एन-ए’ लिहावयाचे, ही अडचण लंडनच्या विद्यार्थ्यालाही आहेच.

परंतु एकास एक की एकास दोन, हे प्रमाण ठरते कशावरून? त्याचे उत्तर विजेने दिले. क्षाराच्या द्रावणातून विजेचा प्रवाह सोडला की त्यातले काही कण एका टोकाकडे आणि काही दुसऱ्या टोकाकडे चालू लागतात. फॅरडेने १८३४ साली या चालणाऱ्या कणांस ग्रीक भाषेतून ‘आयन’ हे नाव घेतले, अर्थ ‘जाणारा’. श्रोतेहो, उत्तरायण आणि दक्षिणायन यांतले आपले ‘अयन’ ते हेच. ग्रीक आणि संस्कृत या भगिनीभाषा, आणि जाणे या अर्थाचा धातू दोघींच्या माहेरचा एकच. त्यामुळे हा शब्द परका म्हणून त्याला दारात अडविण्याचे कारण नाही. तो फार दिवसांनी घरी आला आहे, इतकेच. पुढे आऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात असा विचार मांडला, की क्षार पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे विद्युत्‌भारित कण आपोआपच सुटे होतात. प्रबंधाला परीक्षकांनी अगदी कनिष्ठ श्रेणी दिली, आणि १९०३ साली त्याच विचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सूत्र लिहिण्याचा नियम पाहा. आपल्या वाण्याच्या खतावणीत जे घडते तेच येथे घडते. धन आयन म्हणजे जमा, ऋण आयन म्हणजे खर्च. आणि क्षार म्हणजे ज्याची बाकी शून्य निघते असे खाते. सोडियमची जमा एक, क्लोराइडचा खर्च एक; एकास एक लिहिले की मिठाचे सूत्र झाले. कॅल्शियमची जमा दोन. ती फेडावयास क्लोराइड दोन लागणार, म्हणून ‘सी-ए’ पुढे ‘सी-एल’ आणि त्याच्या पायाशी दोनाचा आकडा. ॲल्युमिनियमची जमा तीन, ऑक्साइडचा खर्च दोन. तीन दुणे सहा, म्हणून ॲल्युमिनियम दोन घ्यावे आणि ऑक्सिजन तीन, की दोन्ही बाजू सहावर मिळतात. आपल्या शालेय पुस्तकांत यालाच संयुजांचा तिरकस गुणाकार म्हणतात: याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. नाव घेताना धन आयन आधी, ऋण आयन मागाहून. साध्या क्षारांना एवढे पुरते.

तिरकस गुणाकार चांगला, पण तो डोळे मिटून करू नये. कॅल्शियम दोन, ऑक्साइड दोन. मुलगा दोहोंच्या पायाशी दोन-दोन लिहून मोकळा होतो. तेथे लहानात लहान प्रमाण घ्यावयाचे, म्हणून चुनकळीत एकास एकच. आणि हा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच कॅलोमेल समोर येते. तेथे पारा दोन, क्लोरीन दोन असेच लिहावयाचे, संक्षेप करावयाचा नाही. कारण त्या पदार्थात पाऱ्याचे दोन अणू हातात हात घालूनच वावरतात, आणि दोघांची मिळून जमा दोन असते. रसकापुराच्या घोटाळ्याला आधुनिक नावात आता जागा नाही. जुन्या पद्धतीत एक ‘मर्क्युरस’ आणि दुसरा ‘मर्क्युरिक’. १९१९ साली जर्मनीच्या स्टॉकने सुचविलेल्या पद्धतीत धातूच्या नावापुढे त्याच्या संयुजेचा रोमन आकडाच कंसात लिहितात, एकाला एक, दुसऱ्याला दोन. आणि आपला शेंदूर? त्यात शिशाचे अणू तीन आणि ऑक्सिजनचे चार. पहिल्या नजरेला हे खाते जुळत नाही. परंतु त्या तीन शिशांपैकी दोघांची जमा प्रत्येकी दोन आणि तिसऱ्याची चार असते, बेरीज आठ. चार ऑक्सिजनांचा खर्चही आठ. मारुतीरायाच्या अंगावर चढणाऱ्या पुडीतसुद्धा हिशेब असा चोख असतो.

हे सारे मराठीत सांगावयाचे कसे, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ चालला. शास्त्र मराठीत आणण्याचा प्रश्न नेवासे तालुक्याला नवा नाही. शिंगणापुराहून फार दूर नसलेल्या नेवाशासच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. रसायनापुरते बोलावयाचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शास्त्र शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीत शास्त्रीय पुस्तके लिहिली, आणि त्यांत रसायनशास्त्राचाही समावेश होता. त्या पिढीने आणि तिच्या मागून आलेल्या लेखकांनी प्राणवायू, नत्र, कर्ब, गंधकाम्ल असे शब्द रूढ केले. जाता जाता सांगतो, ‘ऑक्सिजन’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’, आणि तो चुकीचा आहे. ऑक्सिजनवाचूनही आम्ले होतात. आपला ‘प्राणवायू’ त्यापेक्षा सत्याला कितीतरी जवळ आहे.

पण प्राणवायूला ‘आइड’चे शेपूट कसे लावावयाचे? येथे गाडी अडली. ती हलविण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्याला नागपुरास झाला. त्या वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची ती राजधानी. डॉ. रघुवीर यांनी तेथे संस्कृत धातूंपासून संपूर्ण परिभाषा घडविली. हायड्रोजन तो उदजन, ऑक्सिजन तो जारक, क्लोरीन ती नीरजी. धातूंच्या नावांना सर्वत्र ‘आतु’ हा प्रत्यय: सोडियम तो क्षारातु, कॅल्शियम तो चूर्णातु. ‘आइड’च्या जागी ‘एय’. म्हणजे आपले रोजचे मीठ ‘क्षारातु नीरेय’ झाले, आणि आपण श्वासावाटे सोडतो तो वायू ‘प्रांगार द्विजारेय’.

या शब्दांची चेष्टा पुष्कळ झाली, आणि ती मला अन्यायाची वाटते. रघुवीरांनी नुसते शब्द दिले नाहीत, पद्धती दिली. लाव्हाझिएच्या मंडळींनी जे ग्रीक-लॅटिनमधून केले तेच त्यांनी संस्कृतातून केले, आणि त्यात व्याकरणाची चूक काढून दाखविणे कठीण आहे. परंतु पद्धती निर्दोष असूनही उपयोग फसला. लाव्हाझिएने जुनी नावे मोडली तेव्हा त्याच्या मागे शोध लावणारी प्रयोगशाळा होती, नव्या पदार्थांचा ओघ होता. आपल्याकडे विद्यार्थ्याने ‘क्षारातु नीरेय’ पाठ करावयाचे, आणि प्रयोगशाळेत शिरताच बाटलीवर दुसरेच नाव वाचावयाचे. बाजारात तो ‘मीठ’ मागणार, परीक्षेत ‘क्षारातु नीरेय’ लिहिणार आणि नोकरीत ‘सोडियम क्लोराइड’ म्हणणार. एका पदार्थासाठी तीन भाषा कोण सांभाळणार? १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला, आणि मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे ठेवावी, चिन्हे रोमन लिपीतच लिहावी, असे धोरण स्थिर झाले. मराठी पाठ्यपुस्तकांनीही तीच वाट धरली. नावे बाहेरची, पण मूलद्रव्य, संयुग, संयुजा, संज्ञा हे विचाराचे शब्द आपले. निर्णय मला योग्य वाटतो. नावाचे मूळ कोठले आहे यापेक्षा त्याचे शेपूट काय मोजते याला रसायनात अधिक महत्त्व आहे, आणि ते शेपूट जगभर सारखे राहिले.

मात्र आपल्या एका शब्दाबद्दल तक्रार केल्यावाचून राहवत नाही. मिठाच्या सूत्राला आपण ‘रेणुसूत्र’ म्हणतो. मिठात रेणू असतो कोठे? १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या खड्याची आतली मांडणी दाखविली: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि ही रांग खडा संपेपर्यंत. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हा प्रश्नच उरला नाही. आर्मस्ट्राँग नावाच्या एका वृद्ध इंग्रज रसायनज्ञास हे इतके असह्य झाले, की १९२७ साली त्याने ‘नेचर’ या पत्रात बिचाऱ्या मिठाची कीव करणारे पत्रच लिहिले. मिठाला बुद्धिबळाचा पट करून टाकल्याचा त्याला राग आला होता. म्हातारबोवांचे चुकले खरे, परंतु ते जुन्या शब्दाच्या पायीच चुकले. मिठाचे सूत्र हे रेणूचे चित्र नसून केवळ एक प्रमाण आहे. आपल्या मुलांना ‘रेणुसूत्र’ शिकवून आपण त्यांना आर्मस्ट्राँगच्याच बाकावर बसवितो. ‘प्रमाणसूत्र’ म्हटले तर काय बिघडेल?

आता पुन्हा शिंगणापूरच्या परिसरात येऊ. हा भाग मुळा धरणाच्या पाण्याचा आणि उसाचा. सोनईचा साखर कारखाना जवळ, राहुरीचे कृषी विद्यापीठ जवळ. येथील शेतकरी रसायनाची तीन नावे रोज उच्चारतो: नत्र, स्फुरद, पालाश. विद्वानांच्या कोशांतून पुष्कळ शब्द गळाले, पण हे तीन शब्द बांधावर टिकले. ‘पालाश’ तर मोठा भाग्यवान शब्द आहे. ‘पोटॅश’ म्हणजे भांड्यात आटवलेली राख. आणि पळसाच्या राखेचा क्षार आपल्या सुश्रुतालाही माहीत होता. नाद जुळला आणि अर्थही जुळला.

दुकानात मात्र पोत्यावर नाव असते ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’. हे पोटॅशियम क्लोराइड. बाकी शून्य, एकास एक. ‘म्युरिएट’ हा शब्द खाऱ्या पाण्यावरून आलेला आणि क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे डेव्हीने १८१० मध्ये दाखविण्याच्या आधीचा. प्रयोगशाळेने तो टाकला, पण व्यापाऱ्याने सोडला नाही. त्याच पोत्यावर लिहिलेले असते: पालाश शेकडा ६०. हा आकडा पोटॅशियमचा नव्हे. बर्झेलियसच्या काळी क्षार म्हणजे धातूचा ऑक्साइड अधिक आम्लाचा ऑक्साइड, असे मानीत. त्या मताला रसायनाने केव्हाच निरोप दिला, पण खतांच्या हिशेबात ते अजून नांदते आहे. म्हणून पालाश मोजावयाचे ते पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात, जो त्या पोत्यात कणभरही नसतो. स्फुरदाचेही तसेच.

समजा, एका हेक्टर उसाला १७० किलो पालाश द्यावयाचे आहे. बाप पोत्यावरचा शेकडा ६० हा आकडा धरतो आणि सांगतो, २८३ किलो खत लागेल. दहावीतला मुलगा वहीत सूत्र मांडतो: पोटॅशियम ३९, क्लोरीन साडेपस्तीस, म्हणजे पोटॅशियम शेकडा ५२. त्याचे उत्तर येते ३२७ किलो. फरक ४४ किलोंचा, म्हणजे पन्नास किलोंच्या एका पोत्याला थोडे कमी. मुलाचे रसायन बरोबर आहे आणि बापाचा व्यवहारही बरोबर आहे, कारण विद्यापीठाची शिफारस आणि पोत्यावरचा आकडा दोन्ही एकाच जुन्या मापात आहेत. फक्त वहीतले ‘पालाश’ आणि पोत्यावरचे ‘पालाश’ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पन्नास किलोंच्या त्या पोत्यात पालाश तीस किलो लिहिलेले असते, आणि पोटॅशियम असते सुमारे पंचवीस.